लायसन्स ‘काढायचं’ की गाडी शिकायची?

मंडळी, आज नगरपंचायत नाही, पाणी नाही, कचरा नाही. आज विषय दुचाकीच्या लायसन्सचा. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात अठराच्या आसपासचं पोरगं किंवा पोरगी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचून शिव्या दिल्या तरी चालेल.

आधी आपली भाषाच बघा. दहावी आपण ‘पास होतो’. आयटीआय ‘करतो’. इंद्रायणीत पोहायला ‘शिकतो’. लायसन्स मात्र आपण ‘काढतो’. उत्पन्नाचा दाखला काढतो, रेशनकार्ड काढतो, तसंच. म्हणजे हा एक कागद आहे, ऑफिसात मिळतो, ओळख असली की लवकर मिळतो. त्या कागदाचा आणि गाडी चालवता येण्याचा काही संबंध असतो हे आपल्या बोलण्यातसुद्धा राहिलेलं नाही. रोग इथेच आहे. एजंट वगैरे नंतर येतात.

आता कुठल्या भागात राहतो तेही लक्षात घ्या. आकुर्डीला बजाजचं मुख्यालय. पलीकडे चाकणला त्यांचाच कारखाना, जिथून पल्सर बाहेर पडते. देहूतली, येलवाडीतली, सांगुर्डीतली कितीतरी पोरं रोज सकाळी डबा घेऊन कुठल्या ना कुठल्या वाहनाचा सुटा भाग बनवायला जातात. ब्रेक, गिअर, हँडल, वायरिंग, सगळं आपल्या हाताखालून जातं. प्रत्येक ब्रेक तपासूनच कंपनीबाहेर पडतो, नापास झाला तर लाल डब्यात जातो. आणि तोच ब्रेक ज्याच्या बोटाखाली येणार, त्या माणसाची तपासणी? ती एका मैदानात, एका मिनिटात, आठच्या आकड्यावर संपते.

आठच्या आकड्यावर माझा राग नाही. आठ काढायला तोल लागतो, क्लच अर्धा धरता यावा लागतो, हळू गाडी चालवता यावी लागते. हळू चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा अवघडच असतं. पण आठ काय सिद्ध करतं? चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, कोरड्या जमिनीवर, समोर कुणीही नसताना, तुम्ही पाय न टेकवता दोन गोल मारू शकता. बस. पन्नासच्या वेगात समोर कुत्रं आलं तर गाडी सरळ रेषेत थांबवता येते का, हे आठ विचारत नाही. ट्रेलरच्या डाव्या बाजूला कधी घुसायचं नाही, हे विचारत नाही. पावसात, रात्री, समोरच्याचा अप्पर डोळ्यात असताना काय करायचं, तेही विचारत नाही. माणसं मरतात ती तिथे. आठ काढताना आजवर कुणी मेल्याचं मी ऐकलेलं नाही.

आकडे सांगतो, माझे नाहीत, केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीसहून जास्त. दिवसाला दोनशेच्या वर. रोज साडेचार एसट्या भरून माणसं, आणि त्यातली बहुतेक कमावत्या वयाची. त्याच वर्षी हेल्मेट नसल्यामुळे गेलेले ५०,०२९. एसटी दरीत कोसळली तर आपण तीन दिवस बातम्या चालवतो. हे रोज होतं म्हणून बातमीच होत नाही. दोन ओळी आतल्या पानावर, ‘दुचाकीस्वार ठार’. नावसुद्धा लोक विसरतात, फ्लेक्स तेवढा महिनाभर चौकात राहतो.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात, कारण अर्ध्या लोकांना तोही माहीत नाही.

वय अठरा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या दारातली स्कूटर एकशेदहा सीसीची आहे. तेव्हा ‘आमच्या पोराला सोळा पूर्ण आहेत, स्कुटीच तर आहे’ हे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आहे, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कंपनीत लागायचं वय अठरा ते पंचवीस. चाकणला शिफ्टला जायला बस किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. हिशोब तुम्हीच करा.

कच्चं लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर किमान तीस दिवस थांबावं लागतं, मगच पक्क्याची चाचणी. हे तीस दिवस कशासाठी ठेवलेत? शिकायला. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावून, मागे लायसन्सधारक शिकवणारा बसवून शिकायला. दुसरं कुणी मागे बसवायचं नाही, मित्र नाही, बहीण नाही. आपल्याकडे हे तीस दिवस म्हणजे एजंटच्या फोनची वाट बघण्याचे दिवस. ‘एल’ लावलेली मोटारसायकल देहूत शेवटची कधी पाहिली ते आठवून बघा. आठवणार नाही.

फी किती? नियमातली मूळ फी अशी: कच्च्यासाठी १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५०. पक्क्याच्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. त्यावर कार्डाचे वगैरे थोडे. अर्ज मोबाईलवरून स्वतः भरता येतो. एजंट किती घेतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन्हींतला फरक कशाचा असतो, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा. फॉर्म भरायचे एवढे पैसे नसतात. ‘काही करायला लागू नये’ याचे ते पैसे असतात.

जून २०२१ पासून कच्च्याची परीक्षा आधारवरून घरबसल्या देता येते. सोय चांगली, खेटे वाचले. पण घरात परीक्षा म्हटलं की शेजारी मोठा भाऊ, मागे काका, आणि उत्तरं सांगायला अख्खी आळी. साठ टक्के पडले की पास. ज्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा, उजव्या-डाव्याचा हक्क, पिवळ्या दिव्याचा अर्थ विचारतात, ती परीक्षा पोरानं दिलीच नाही. मग तेच पोरगं तळवड्याच्या चौकात उलट्या बाजूनं घुसतं आणि आपण म्हणतो, ‘या पिढीला शिस्त नाही.’ शिस्त नंतर. आधी माहिती तरी द्या.

या विषयावर कट्ट्यावर बोललं की जी उत्तरं येतात ती ठरलेली आहेत. एकेक घेतो.

‘आम्ही सगळे असेच शिकलो, काय झालं आम्हाला?’ दादा, तुम्ही शिकलात तेव्हा तळेगाव-चाकण रस्त्यावर एवढे कंटेनर नव्हते. तुम्ही एम-एटी नाहीतर लुना घेऊन शेताच्या बांधावर शिकलात. आज पोरगं पहिल्याच महिन्यात दीडशे-दोनशे सीसीची गाडी घेऊन चाळीस फुटी ट्रेलरच्या शेजारून जातं. आणि दुसरं, ‘काही झालं नाही’ हे सांगायला जे उरलेत तेच कट्ट्यावर आहेत. ज्यांना झालं ते सांगायला आलेले नाहीत.

‘आधी रस्ते नीट करा, मग आम्हाला शिकवा.’ रस्ते वाईट आहेत, त्यावर याच पेजवर मी किती लिहिलंय ते जुने वाचक जाणतात. पण बाबांनो, खड्डा आहे म्हणूनच जास्त शिकायला हवं ना? खडी पडलेल्या वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर गाडी जाते, हे ज्याला माहीत आहे तो त्याच रस्त्यावरून घरी येतो. रस्त्याची लढाई चालूच ठेवू. तोवर माणसं घरी यायला हवीत.

‘कामगाराला वेळ कुठंय?’ हा आक्षेप मात्र खरा आहे, याची टर उडवणार नाही. कंत्राटी पोराचा एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार, वर हजेरीचा बोनस गेला. आरटीओ मोशीला. स्लॉट मिळेल त्या तारखेला जायचं, रांग लावायची, नापास झालं तर परत सात दिवसांनी यायचं. त्यात तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबायचं. अशा पोराला कुणी म्हणालं ‘एवढे दे, एका फेरीत काम करतो’, तर तो देणारच. त्याला मी दोष देत नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जिथे प्रामाणिकपणे शिकून जाणं महाग पडतं आणि न शिकता जाणं स्वस्त. मात्र ज्यांची सुट्टी गुरुवारी असते त्यांना हीसुद्धा सबब नाही. सरकारी ऑफिस गुरुवारी चालू असतं.

‘लायसन्स नसलं तरी पावती फाडून सुटतो.’ हे बोलणाऱ्यांसाठी पुढचा परिच्छेद दोनदा वाचायची विनंती.

कायद्यात विनालायसन्स गाडी चालवायला ५,००० रुपये दंड आहे, पण दंड ही किरकोळ गोष्ट. मोठी गोष्ट विमा. तुमच्या गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो मिळायची अट काय? मालकाकडे त्या गाडीचं चालू लायसन्स हवं. नसलं तर हप्ता भरलेला असूनही घरच्यांना ते पंधरा लाख मिळत नाहीत. उलट तुमच्या गाडीनं दुसऱ्याला उडवलं आणि लायसन्स नव्हतं, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देते आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला निघते. गाडी बापाच्या नावावर, पोराकडे लायसन्स नाही, आणि नोटीस येते बापाला. एक गुंठा विकायची वेळ येऊ शकते. हे भीती घालायला लिहीत नाही, हा पॉलिसीच्या मागच्या पानावरचा मजकूर आहे, जो कुणी वाचत नाही.

आणखी एक पळवाट. आठ सोपं जावं म्हणून काहीजण चाचणी बिनगिअरच्या स्कूटरवर देतात. लायसन्सवर मग बिनगिअरचाच प्रकार येतो. आणि दुसऱ्या दिवसापासून हे साहेब गिअरची गाडी फिरवतात. त्या गाडीसाठी तुम्ही विनालायसन्सच आहात, भाऊ. कार्ड खिशात असून नसल्यासारखं. काढून बघा, त्यावर काय लिहिलंय.

आता बाहेर काय चालतं ते बघू. जपानमध्ये मोटारसायकलच्या चाचणीत तीस सेंटीमीटर रुंद, पंधरा मीटर लांब पट्टीवरून गाडी न्यायची असते, आणि ती लवकर नाही, उशिरा पोचली पाहिजे. मधल्या गाडीला किमान सात सेकंद, मोठ्या गाडीला दहा. ब्रिटनमध्ये ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगातून गाडी एकदम थांबवून दाखवावी लागते, आणि पुढे परीक्षक मागे राहून खऱ्या रहदारीत चालवून बघतो. लांबचं नको म्हणाल तर केरळ घ्या. तिथे वर्षानुवर्षं दुचाकीची चाचणी हाताच्या गिअरच्या एम-एटीवर चालायची, ती आपल्याच बजाजची जुनी गाडी. पोरं चाचणी देणार एम-एटीवर आणि रस्त्यावर फिरवणार पायाच्या गिअरची मोटारसायकल. २०२४ मध्ये केरळच्या परिवहन खात्यानं ते बंद केलं, पायाच्या गिअरची गाडी सक्तीची केली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी आंदोलनं केली, आरडाओरडा झाला. पण निदान प्रश्न मांडला गेला, की चाचणी नेमकी कशाची? आपल्याकडे हा प्रश्न निवडणुकीत नाही, सभेत नाही, कुठेच नाही.

इथे कुणी म्हणेल, नियमात आठच लिहिलंय, अधिकारी काय करणार? नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीत काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. आरसा लावणं, सुरक्षित निघणं, गिअर बदलणं, ओव्हरटेक करणं, हातानं इशारे देणं, अडचणीच्या वेळी झटकन थांबवणं, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर नीट वागणं, सगळं त्यात आहे. यादी कागदावर आहे. मैदानात उतरताना तिचं आठ होतं.

तेव्हा मागण्या. मोघम नाही, नेमक्या.

एक, आरटीओकडे. दुचाकीच्या चाचणीत आठबरोबर दोनच गोष्टी वाढवा: ठरावीक वेगातून आखलेल्या रेषेच्या आत थांबवणं, आणि उजवीकडे वळण्याआधी मागे बघून इशारा देणं. दोनशे फूट सरळ पट्टी आणि थोडा चुना लागतो, कोटींचं टेंडर लागत नाही. चारचाकीसाठी भोसरीला आयडीटीआरचा ट्रॅक असू शकतो, मग ज्या वाहनावर सगळ्यात जास्त माणसं मरतात त्याला तेवढी पट्टी का नको? आणि महिन्यातून दोन रविवार दुचाकीच्या चाचण्या ठेवा, खास कामगारांसाठी. एजंटचा धंदा धाडी टाकून नाही मोडत, रविवारच्या स्लॉटनं मोडतो.

दोन, चाकण-तळवडे पट्ट्यातल्या कंपन्यांकडे. गेटच्या आत हेल्मेट, बूट, चष्मा सगळं सक्तीचं. गेटच्या बाहेर तुमचा तोच माणूस रात्रपाळी करून झोपाळलेल्या डोळ्यांनी गाडी चालवतो, तेव्हा तो तुमचा नाही? तुमचं पार्किंग सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं. चार कोन लावा, एक जाणता माणूस उभा करा, नव्या पोरांना ब्रेक शिकवा. चाचणीसाठी अर्धा दिवस भरपगारी द्या. सुरक्षा सप्ताहात चित्रकला स्पर्धा घेण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. कंत्राटदारानं भरलेल्या पोरांनाही हेच, कारण अंगावरचा गणवेश कुणाचा हे ट्रेलर बघत नाही.

तीन, नगरपंचायतीकडे. बीजेला आणि पालखीच्या प्रस्थानाला लाखोंची गर्दी सांभाळणाऱ्या गावाला आठवड्यातून दोन तास एक मोकळी पार्किंगची जागा सरावाला देता येणार नाही? पालखी गेल्यावर त्या जागा वर्षभर पडूनच असतात. तिथे शिकलेलं पोरगं पुढच्या बीजेला वारकऱ्यांच्या अंगावर गाडी घालणार नाही, एवढा तरी फायदा.

चार, आई-बापांकडे. पोराला गाडी घेऊन देण्याआधी एक महिना द्या. पैसे नाहीत, महिना. गाडी घेताना कंपनीनं हेल्मेट द्यायचं असतं, तसा नियमच आहे. ते शोरूममध्ये मागून घ्या, आणि टाकीवर ठेवायला नाही, डोक्यात घालायला.

आता पोरांनो आणि पोरींनो, तुमच्यासाठी. व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तुमची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तीस दिवसांत चार सुट्ट्या येतात, त्या अशा वापरा.

पहिली सुट्टी, फक्त हळू. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका धरलेला. नजर चाकाखाली नाही, जिथे जायचंय तिथे. मान वळली की गाडी वळते. विटा ठेवून आठ काढा, पाय न टेकवता, दोन्ही बाजूंनी. हे जमलं की मैदानातली चाचणी जमली, तिची भीती सोडा.

दुसरी सुट्टी, फक्त थांबणं. वीस, तीस, मग चाळीसचा वेग. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू आवळत न्यायचा, झटका नाही, हँडल सरळ. थांबताना सगळं वजन पुढे येतं म्हणून खरं काम पुढचा ब्रेक करतो. ‘पुढचा दाबला की पडतो’ हे अर्धवट ज्ञान आहे. वळणात, वाळूवर, करकचून दाबला तर पडतो. सरळ रस्त्यावर नुसता मागचा दाबत राहिलात तर गाडी थांबतच नाही. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ब्रेककडे बोट जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. मग पुढच्या गाडीला चिकटून का जाता?

तिसरी सुट्टी, बघायला शिका. मागे जाणता माणूस बसवा, ‘एल’ लावा, पहाटे रिकाम्या रस्त्यावर जा. आरसे दोन्ही हवेत, काढून टाकलेले नकोत. वळण्याआधी आरसा, इशारा, मग एकदा मान वळवून मागे. ट्रेलरच्या ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. तो डावीकडे वळताना त्याच्या डाव्या अंगाला असलेला मोटारसायकलवाला मागच्या चाकाखाली येतो. चाकण पट्ट्यातल्या माणसाला यापेक्षा महत्त्वाचा धडा नाही.

चौथी सुट्टी, कागद आणि उजळणी. कच्चं लायसन्स, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, आधार. गाडीचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न चालू. ज्या गाडीवर शिकलात तीच न्या. हेल्मेट घाला, पट्टा लावा. बसल्यावर आधी आरसा नीट करा, मग स्टार्टर.

आणि नापास झालात तर लाजू नका. सात दिवसांनी परत जा. जो नापास होऊन परत गेला त्यानं लायसन्स मिळवलं. जो न जाताच पास झाला त्यानं नुसतं काढलं.

येत्या आठवड्यात रविवारच्या स्लॉटची आणि थांबवण्याच्या पट्टीची मागणी लिहून आरटीओला देणार आहे. सरावाच्या जागेचं निवेदन नगरपंचायतीला. सह्या लागतील. देहू, विठ्ठलवाडी, माळवाडी, येलवाडी, तळवडे, जिथून असाल तिथून कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. कंपनीत एचआरला असणाऱ्यांनी, पार्किंग देता येत असेल तर इनबॉक्स करा, नाव गुप्त ठेवीन. आणि ज्यांना हे सगळं रिकामपणाचं वाटतंय त्यांनी आज रात्री एवढंच करावं: घरातल्या प्रत्येकाचं लायसन्स बाहेर काढून बघा. कुणाचं नाहीच, कुणाचं संपलंय, कुणावर भलताच प्रकार आहे, ते मोजा. मग भांडायला या, मी इथेच आहे.